धावत्या गाडीतून सुटलेला नारळ

चर्चगेटकडे जाणारी लोकल वांद्रे स्थानक सोडून माहीमच्या दिशेने निघाली, की थोड्याच वेळात मिठी नदीचे पात्र दृष्टीस पडते. गाडीच्या दारात उभ्या असलेल्या एखाद्या प्रवाशाचा हात बाहेर येतो. हातात निर्माल्याची पिशवी असते. तीत कोमेजलेली फुले, दूर्वा, हार आणि पुष्कळदा घटावरचा किंवा पूजेतला नारळ असतो. पिशवी सुटते, हात जोडले जातात आणि गाडी पुढे निघून जाते. घाटकोपर-मुलुंडकडून येणाऱ्या प्रवाशांना हेच दृश्य कुर्ला आणि शीव यांच्या दरम्यान दिसते. मानखुर्दहून वाशीला जाताना ठाण्याच्या खाडीवर आणि बोरिवलीहून विरारकडे जाताना भाईंदरच्या खाडीवरही ते दिसते. वाहत्या पाण्यात निर्माल्य सोडावे, ही जुनी श्रद्धा. आणि कामावर जाणाऱ्या माणसाला वाहते पाणी भेटते ते रेल्वेच्या पुलावर. अशा रीतीने ही प्रथा रूढ झाली.

प्रस्तुत लेखक बोरिवलीचा रहिवासी आहे. गणपती आणि नवरात्र आटोपले, की आईने बांधून दिलेली पिशवी त्यानेही वर्षानुवर्षे अशीच सोडली आहे. त्यात काही गैर आहे, असे कधी मनात आले नाही. सन २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात, ऐन नवरात्रात, भाईंदर खाडीच्या रेल्वे पुलावरून पायी जाणाऱ्या पाणजू बेटावरील एका तरुणाच्या डोक्याला धावत्या लोकलमधून फेकलेला नारळ लागला आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. वृत्तपत्रात ही बातमी वाचली तेव्हा प्रथम विश्वास बसेना. फेकणाऱ्याने तो कोणावर नेम धरून फेकला असेल, असे मानावयास काही कारण नाही. केवळ सोडून दिलेल्या नारळात माणसाचा जीव घेण्याएवढे बळ येते कोठून?

लेखक कला शाखेचा पदवीधर. शालान्त परीक्षेनंतर पदार्थविज्ञानाशी त्याचा संबंध उरला नव्हता. म्हणून हा प्रश्न त्याने शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त विज्ञानशिक्षकांपुढे ठेवला. त्यांनी कागद आणि पेन्सिल मागवली आणि अर्ध्या तासात शंका दूर केली. ती उकल वाचकांपुढे ठेवावी, हा या लेखाचा हेतू आहे. तीत नववी-दहावीच्या पुस्तकात नाही असे फारसे काही नाही.

दोघांनी पाहिलेला एकच नारळ

प्रथम एक साधा अनुभव घेऊ. गाडी वेगाने आणि संथपणे धावत असताना बसल्या जागी एक नाणे सरळ वर उडवा. ते परत आपल्याच हातात पडते. नाणे हवेत असताना गाडी कित्येक मीटर पुढे सरकलेली असते. तरी ते मागच्या बाकावरच्या प्रवाशाच्या अंगावर पडत नाही. याचा अर्थ असा, की हातातून सुटण्यापूर्वी नाण्याला गाडीचा वेग होता आणि सुटल्यानंतरही तो कायम राहिला. वस्तू आपली गती आपण होऊन सोडीत नाही, या गुणधर्मास जडत्व असे म्हणतात. इटालियन शास्त्रज्ञ गॅलिलिओ याने १६३२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हाच विचार जहाजाचे उदाहरण घेऊन मांडला होता. शांत समुद्रावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या जहाजाच्या बंद खोलीत बसलेल्या माणसाला, जहाज चालते आहे की थांबले आहे, हे वस्तूंच्या पडण्यावरून ओळखता येणार नाही, असे त्याने म्हटले.

आता तोच न्याय नारळाला लावा. दारातल्या प्रवाशाने नारळ नुसता सोडला. त्याच्या दृष्टीने नारळ सरळ खाली गेला. कारण तो आणि नारळ एकाच वेगाने पुढे जात आहेत. पुलाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला मात्र नारळ गाडीच्या वेगाने पुढे झेपावताना आणि त्याच वेळी खाली येताना दिसतो. दोघांचेही पाहणे खरे आहे. परंतु नारळाचा आघात ज्याला सोसावा लागतो, त्याच्यासाठी दुसरे दृश्यच महत्त्वाचे होय. ‘मी फेकला नाही, नुसता सोडला’ हे प्रवाशाचे म्हणणे त्याच्या डब्यापुरते खरे असते. जमिनीच्या हिशेबाने तो नारळ गाडीने फेकलेला असतो.

दोन गतींचा एक मार्ग

अशा रीतीने सुरुवातीचा वेग घेऊन सुटलेली आणि पुढे केवळ पृथ्वीच्या आकर्षणाखाली प्रवास करणारी वस्तू म्हणजे प्रक्षेप्य. भिरकावलेला दगड, टोलवलेला चेंडू, गोफणीतून सुटलेला गोटा, नळीतून उसळणारी पाण्याची धार, ही सर्व प्रक्षेप्याचीच रूपे आहेत. पृथ्वी वस्तूंना आपल्याकडे ओढते, ही कल्पना आपल्याकडेही जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ या ग्रंथात पृथ्वीच्या अंगी असलेल्या आकर्षणशक्तीचा उल्लेख आहे. मात्र पडणारी वस्तू किती वेळात किती अंतर तोडते, याचे मोजमाप करून नियम बसविण्याचे श्रेय गॅलिलिओकडे जाते. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अखेरच्या ग्रंथात प्रक्षेप्याचा मार्ग बिनचूक सांगितला गेला.

त्याच्या सांगण्याचा गाभा असा: प्रक्षेप्याच्या ठायी एकाच वेळी दोन गती असतात, एक आडवी आणि एक उभी. आडव्या दिशेने ओढणारे कोणी नसल्यामुळे ती गती जशीच्या तशी राहते. उभ्या दिशेने पृथ्वीची ओढ सतत चालू असल्यामुळे ती गती बदलत जाते. विशेष हे, की या दोन्ही गती एकमेकींच्या कामात ढवळाढवळ करीत नाहीत.

पृथ्वीच्या ओढीचे प्रमाण ठरलेले आहे. खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला सुमारे ९.८ मीटर प्रतिसेकंद या प्रमाणात वाढतो. यालाच गुरुत्वीय त्वरण म्हणतात. ते स्थळानुसार किंचित बदलते. मुंबईच्या अक्षांशावर ते सुमारे ९.७९ आहे, आपल्या हिशेबाला ९.८ पुरेसे होईल. यावरून पडणारी वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर, दुसऱ्या सेकंदात १४.७ मीटर आणि तिसऱ्या सेकंदात २४.५ मीटर अंतर कापते. हे आकडे १, ३, ५ या विषम संख्यांच्या प्रमाणात आहेत. एकूण अंतर पाहिले तर ते ४.९, १९.६, ४४.१ असे, म्हणजे १, ४, ९ या वर्गसंख्यांच्या प्रमाणात वाढते. वस्तू जड असो वा हलकी, हवेचा अडथळा नगण्य असेल तर हा नियम बदलत नाही.

याची प्रचीती घरच्या घरी घेता येईल. मेजाच्या कडेवर दोन नाणी ठेवा. एक कडेवरून अलगद खाली ढकला आणि त्याच क्षणी दुसऱ्याला पट्टीने जोराचा आडवा फटका द्या. पहिले नाणे मेजाच्या पायाशी पडेल, दुसरे खोलीच्या मध्यापर्यंत जाईल. परंतु जमिनीवर आपटल्याचा आवाज मात्र एकच येईल. मेज ७५ सेंटिमीटर उंचीचे असेल तर दोन्ही नाण्यांना खाली येण्यास सुमारे ०.३९ सेकंद लागतात. दुसरे नाणे दूर गेले म्हणून ते उशिरा पडले, असे होत नाही.

अंधेरीकरांना हेच उदाहरण मोठ्या मापाने डोळ्यांसमोर आणता येईल. अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल हा काळ्या पाषाणाचा उभा सुळका आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून तो बनला असून त्याची उंची सुमारे ६१ मीटर आहे. माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे. तेथून एक दगड नुसता सोडला आणि दुसरा दर सेकंदाला १५ मीटर वेगाने आडवा फेकला, असे केवळ मनात कल्पावे. प्रत्यक्ष करू नये, कारण पायथ्याशी दाट वस्ती आहे. दोन्ही दगडांना सुळक्याच्या उंचीइतके खाली येण्यास सारखाच, सुमारे साडेतीन सेकंदांचा वेळ लागेल. एवढ्या वेळात दुसरा दगड सुळक्यापासून सुमारे ५३ मीटर दूर जाईल. त्याचा मार्ग आरंभी जवळजवळ आडवा आणि पुढे पुढे अधिकाधिक उतरता, असा वाकडा असेल. या वक्र रेषेस गणितात अन्वस्त म्हणतात. आडवे अंतर वेळेच्या प्रमाणात आणि उभे अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ही रेषा तयार होते.

गोलंदाजाची विद्या

क्रिकेटच्या मराठी वर्णनात चेंडू टाकणाऱ्यास गोलंदाज म्हणतात. हा शब्द मुळात तोफेच्या माऱ्याचा आहे; गोलंदाज म्हणजे तोफ डागणारा. भाईंदरच्या खाडीच्या उत्तर तीरावर, समुद्राच्या तोंडाशी वसईचा किल्ला उभा आहे. चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी १७३९ साली तो पोर्तुगीजांकडून जिंकला. त्या काळच्या गोलंदाजांना अन्वस्ताचे समीकरण ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु तोफेचे तोंड किती उचलावे म्हणजे गोळा कोठवर जाईल, हे त्यांना अनुभवाने माहीत असे. युरोपात तार्ताल्या या गणितज्ञाने १५३७ सालीच असे प्रतिपादन केले होते, की तोफ ४५ अंशांच्या कोनात ठेवली असता गोळा सर्वांत दूर जातो. त्याची कारणमीमांसा मात्र गॅलिलिओच्या नियमांनंतरच पूर्णपणे उलगडली.

आपल्या मैदानावरील चेंडूला हाच नियम लावू. क्षेत्ररक्षकाने दर सेकंदाला १५ मीटर वेगाने चेंडू फेकला, असे समजा. ४५ अंशांच्या कोनात फेकल्यास तो सुमारे २३ मीटरवर पडेल. ३० अंशांच्या कोनात फेकल्यास सुमारे २० मीटरवर पडेल. आणि आश्चर्य असे, की ६० अंशांच्या कोनात फेकला तरी तो त्याच २० मीटरवर पडेल. फरक इतकाच, की ३० अंशांचा चेंडू २.९ मीटर उंच जाऊन लवकर पोहोचतो, तर ६० अंशांचा ८.६ मीटर उंच जाऊन उशिरा. यष्टीकडे चेंडू टाकणारा चांगला क्षेत्ररक्षक सपाट फेक का पसंत करतो, याचे उत्तर यात आहे. कोन लहान असेल तर हवेत राहण्याचा वेळ थोडा आणि आडवी गती मोठी. कोन मोठा असेल तर वेळ पुष्कळ पण आडवी गती थोडी. पल्ला हा या दोहोंच्या गुणाकारावर अवलंबून असतो आणि ४५ अंशांवर तो गुणाकार सर्वांत मोठा होतो.

नारळाचे गणित

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गाडीचा वेग ताशी ७२ किलोमीटर धरू. उपनगरी गाडीला स्थानकांमधील लांब पल्ल्यात हा वेग गाठणे अवघड नाही. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे दर सेकंदाला २० मीटर. दारात उभ्या असलेल्या प्रवाशाचा हात पुलावरील पायवाटेपासून अडीच मीटर उंचीवर आहे आणि वाटेवरून चालणाऱ्याचे डोके दीड मीटर उंचीवर आहे, असे समजू. म्हणजे नारळाला हातापासून डोक्यापर्यंत येण्यास एक मीटर खाली यावयाचे आहे.

एक मीटर पडण्यास लागणारा वेळ सुमारे ०.४५ सेकंद. डोळ्याची दोनदा उघडझाप होण्याआधीच तो संपतो. एवढ्या वेळात नारळाला उभ्या दिशेने दर सेकंदाला ४.४ मीटर एवढाच वेग मिळतो. केवळ एक मीटरवरून पडलेला नारळ दुखापत करील, पण सहसा प्राण घेणार नाही. परंतु आडव्या दिशेने गाडीने दिलेला दर सेकंदाला २० मीटरचा वेग पूर्णपणे शिल्लक आहे. या ०.४५ सेकंदात नारळ ९ मीटर पुढे आलेला असतो. दोन्ही वेग काटकोनात असल्यामुळे त्यांची बेरीज पायथागोरसच्या नियमाने करावी लागते. ती दर सेकंदाला सुमारे २०.५ मीटर येते.

आघाताचे माप वेगावरून नव्हे, तर गतिज ऊर्जेवरून घ्यावे लागते. वस्तुमानाची निमपट घेऊन तिला वेगाच्या वर्गाने गुणले, की ही ऊर्जा मिळते. नारळ अर्धा किलोग्रॅम वजनाचा धरला तर उत्तर सुमारे १०५ ज्यूल येते. या आकड्याने वाचकांना काही बोध होणार नाही. म्हणून तुलना करू. क्रिकेटचा चेंडू सुमारे १६० ग्रॅम वजनाचा असतो. वेगवान गोलंदाजाने ताशी १३० किलोमीटर वेगाने टाकलेल्या चेंडूची ऊर्जा जवळजवळ एवढीच, म्हणजे १०४ ज्यूल असते. तो चेंडू खेळताना फलंदाज शिरस्त्राण घालतो, पायांना पॅड बांधतो आणि गोलंदाजाच्या हाताकडे नजर लावून उभा असतो. पुलावरून चालणाऱ्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नसते आणि गाडीच्या दणदणाटात आपल्या दिशेने काही येत आहे, याची त्याला कल्पनाही नसते.

दुसरी तुलना अधिक बोलकी आहे. तोच नारळ वरून सोडून एवढा वेग मिळवावयाचा तर तो सुमारे २१ मीटर उंचीवरून, म्हणजे इमारतीच्या सातव्या मजल्यावरून सोडावा लागेल. सातव्या मजल्याच्या गच्चीतून खालच्या रस्त्यावर नारळ टाकण्याचा विचार कोणीही सुज्ञ माणूस करणार नाही. गाडीच्या दारातून तो टाकणारा मात्र, आपण जमिनीपासून जेमतेम माणसाच्या उंचीवर आहोत, एवढेच पाहतो. गाडीच्या वेगाने त्याला न कळत सातव्या मजल्यावर नेऊन उभे केलेले असते.

वेग वाढला, की धोका त्याहून अधिक झपाट्याने वाढतो. कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गाडी ताशी ३६ किलोमीटर वेगाने जात असेल तर नारळाची ऊर्जा ३० ज्यूल भरते. ताशी ५४ किलोमीटरला ती ६१, ताशी ७२ किलोमीटरला १०५ आणि ताशी ९० किलोमीटरला १६१ ज्यूल होते. शेवटच्या उदाहरणात नारळ जणू ३३ मीटर उंचीवरून, म्हणजे अकराव्या मजल्यावरून पडलेला असतो.

काही सोयीचे गैरसमज

हे गणित ऐकल्यावर मनात ज्या पळवाटा येतात, त्यांचाही विचार केला पाहिजे. कारण प्रस्तुत लेखकाने त्या एकेक करून शिक्षकांपुढे ठेवल्या होत्या.

पहिली पळवाट अशी, की नारळ गाडीच्या उलट दिशेने, मागे फेकावा. साधारण माणूस दारात उभा राहून एका हाताने दर सेकंदाला पाच मीटर वेगाने नारळ मागे टाकू शकेल. वीसातून पाच वजा केले, तरी पंधरा उरतात. फेकणाऱ्याला नारळ मागे गेलेला दिसतो. जमिनीवर मात्र तो पुढेच येतो, दर सेकंदाला १५ मीटर वेगाने. गाडीचा वेग पुरता नाहीसा करावयाचा तर नारळ ताशी ७२ किलोमीटर वेगाने मागे फेकावा लागेल.

दुसरी पळवाट, तो बाहेरच्या बाजूला जरा दूर फेकावा. दर सेकंदाला पाच मीटर वेगाने बाहेर फेकलेला नारळ ०.४५ सेकंदात सव्वादोन मीटर बाजूला जातो. नेमकी याच अंतरावर पायवाट, शेजारचा रूळ किंवा रुळांवर काम करणारा कर्मचारी असू शकतो. त्याऐवजी थोडा वर उडवून फेकावा, असे म्हणावे, तर नारळ हवेत अधिक वेळ राहतो. दर सेकंदाला पाच मीटर वेगाने वर उडवलेला नारळ डोक्याच्या उंचीवर येईपर्यंत सुमारे १.२ सेकंद जातात आणि तेवढ्यात तो २४ मीटर पुढे गेलेला असतो. लोकलचा एक डबा सुमारे २० मीटर लांबीचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या अंतराची कल्पना येईल.

तिसरी समजूत अशी, की खाली पाणी दिसले, की मगच सोडतो. हात पाण्यापासून दहा मीटर उंच आहे असे धरले, तर नारळाला पाण्यापर्यंत पोहोचण्यास १.४ सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो आणि तेवढ्यात तो सुमारे २९ मीटर पुढे जातो. सोडताना खाली पाणी होते, म्हणून पडतानाही पाणीच असेल, हा भरवसा धरता येत नाही. तेथे पुलाचा खांब, काठ किंवा मासेमाराची होडी असू शकते. भाईंदर आणि नायगाव यांच्या दरम्यान तर एकामागून एक दोन पूल असून त्यांच्यामध्ये पाणजू हे वस्तीचे बेट आहे. बेटावरील रहिवाशांना ये-जा करण्यासाठी होडीवर अवलंबून राहावे लागते आणि होडीची सोय नसेल तेव्हा काही जण पुलाची वाट धरतात. रेल्वे पुलावरून चालणे धोक्याचे आहे, हे त्यांनाही ठाऊक असते; पण दारातून बाहेर पाहणाऱ्या प्रवाशाला खाडी दिसते, तिच्या काठचे गाव दिसत नाही.

हवेच्या रोधाने नारळाचा वेग कमी होणार नाही काय, अशीही शंका येईल. फूल किंवा पाकळी हलकी आणि पसरट असल्यामुळे हवा तिला क्षणार्धात थोपवते. ती गाडीच्या मागे भिरभिरत राहते. नारळ आकाराच्या मानाने जड असतो. अर्ध्या सेकंदाच्या प्रवासात हवा त्याचा वेग फार तर किंचित कमी करते. एकाच पिशवीतील फूल निरुपद्रवी आणि नारळ प्राणघातक ठरतो, तो असा.

बाहेरून येणारा दगड

याच नियमाची दुसरी बाजू उपनगरातील प्रवाशांच्या परिचयाची आहे. रुळांलगतच्या वस्तीतील मुले कधी खोडी म्हणून, कधी पैजेने धावत्या गाडीवर दगड भिरकावतात. दर सेकंदाला १५ मीटर वेगाने फेकलेला दगड गाडीला काटकोनात येऊन लागला आणि गाडीचा वेग दर सेकंदाला २० मीटर असला, तर दारातल्या प्रवाशाला तो २५ मीटर वेगाने येऊन लागतो. हा तीन, चार, पाच या बाजूंचा, शाळेत गिरवलेला काटकोन त्रिकोणच होय. दगडाची ऊर्जा त्याच्या दृष्टीने जवळजवळ पावणेतीन पट झालेली असते. दगड समोरून आला तर वेगांची सरळ बेरीज होऊन ३५ मीटर होतात आणि ऊर्जा सुमारे साडेपाच पट. दगड फेकणारे मूल आपल्या हाताच्या जोराचा विचार करते. गाडीचा जोर त्याच्या हिशेबात नसतो. नारळ सोडणारा प्रवासी आणि दगड मारणारे मूल यांच्या हेतूंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, परंतु दोघांची चूक एकच आहे.

कायद्याने या दोन्ही गोष्टींची दखल घेतली आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १५२ अन्वये प्रवाशांना इजा करण्याच्या उद्देशाने गाडीवर वस्तू फेकणाऱ्यास आजन्म कारावास किंवा दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. निष्काळजी कृत्याने रेल्वेवरील व्यक्तींची सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्यासाठी कलम १५४ मध्ये एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. परंतु हजारो हातांवर पहारा ठेवणे कोणत्याही यंत्रणेला शक्य नाही. २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवलीहून चर्चगेटकडे पहिली वातानुकूलित लोकल निघाली. अशा गाड्यांची दारे आपोआप बंद होत असल्यामुळे त्यांतून काही फेकण्याचा प्रश्न उरत नाही. मात्र उघड्या दारांच्या गाड्या धावत आहेत तोवर दाराशी उभ्या असलेल्या प्रत्येकाला स्वतःवरच पहारा ठेवावा लागेल.

निर्माल्याचे काय करावे?

श्रद्धेला बाधा न आणता हे सहज साधता येते. गणेशोत्सवात विसर्जनस्थळी आणि कृत्रिम तलावांजवळ निर्माल्य कलश ठेवले जातात. तेथे जमा होणाऱ्या निर्माल्याचे खत करता येते. घरची फुले, पाने आणि दूर्वा कुंडीतल्या मातीत मिसळल्या, तर काही आठवड्यांत त्यांचे उत्तम खत होते आणि त्याच मातीत पुढच्या वर्षीची झेंडू, तुळस फुलते. पूजेतला नारळ चांगला असेल तर प्रसाद म्हणून वाटावा. नासला असेल तर फोडून मातीत पुरावा. गृहनिर्माण संस्थांनी आवारात एक निर्माल्यकुंड ठेवले, तर संपूर्ण इमारतीची सोय होते. प्लास्टिकची पिशवी पाण्यात जाण्याचे टळते, हा त्यातला आणखी एक लाभ. शाळांतील विज्ञानशिक्षकांना तर प्रक्षेप्याचा धडा शिकवताना याहून जवळचे उदाहरण शोधावे लागणार नाही. मुलांनी वर्गात केलेले हे गणित संध्याकाळी घरी सांगितले, तर ते अनेक फलकांहून अधिक परिणामकारक ठरेल.

शिक्षकांनी गणित केलेला तो कागद प्रस्तुत लेखकाने घरी नेला आणि आईला दाखविला. आकडे तिला कळले नाहीत; सातव्या मजल्याची गोष्ट मात्र तत्काळ कळली. काही वेळ ती काहीच बोलली नाही. मग तिने विचारले, “इतकी वर्षे मी तुझ्या हाती देत होते, ते कोणाला लागले तर नसेल ना रे?” या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही सूत्रात नाही. त्या वर्षीच्या घटावरचा नारळ तिने स्वतः फोडला, खोबऱ्याच्या वड्या केल्या आणि मजल्यावरच्या घरोघरी पाठविल्या. फुले गच्चीतल्या कुंडीत गेली.

नारळ हातातून सुटला, की त्याच्यावर आपली सत्ता उरत नाही. पुढे तो पृथ्वीच्या आणि गाडीच्या आज्ञेत असतो. आपली सत्ता असते ती सुटण्यापूर्वीच्या क्षणापर्यंतच. तेवढा क्षण उपनगरातील प्रत्येक प्रवाशाने जपला, तर पुलावरून घरी जाणारा माणूस सुखरूप घरी पोहोचेल.